डावा पाय न थकवणारा क्लच: जुन्या मसल कारसाठी हलकं पेडल कसं निवडायचं

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या उत्तरेला, वुडवर्ड अव्हेन्यूवर, जुन्या अमेरिकन गाड्यांची जत्रा भरते. फर्नडेलपासून थेट पॉन्टियॅकपर्यंत. 1995 मध्ये सुरू झालेली ही ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ बघायला दोन्ही बाजूंना लोक खुर्च्या टाकून बसतात आणि मधून गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. त्या रांगेत पहिल्यांदा मी माझी 1969 ची प्लिमथ रोड रनर घेऊन गेलो, तेव्हा तासाभरात माझी डावी मांडी थरथरायला लागली. दहा फूट पुढे, थांबा, क्लच दाबा, पुन्हा दहा फूट. शेवटी एका दुकानाच्या आवारात गाडी लावली, दार उघडलं आणि पाय बाहेर सोडून बसून राहिलो. आठ-दहा वर्षं पैसे साठवून घेतलेली गाडी, आणि ती चालवण्याचा आनंद गुडघ्यापाशी येऊन अडकला होता.

पुढचं वर्षभर मी क्लच या एकाच विषयाच्या मागे लागलो. जे कळलं ते इथे सोप्या भाषेत मांडतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी काही जण आता या गाड्या घेऊ लागले आहेत आणि त्यातल्या दोघातिघांनी मला हाच प्रश्न विचारला: पेडल हलकं करायचंय, पण क्लच स्लिप व्हायला, म्हणजे पकड सुटून घसरायला नको, काय घेऊ?

ज्यांना या ‘मसल कार’ माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1964 मध्ये पॉन्टियॅकनं मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं 389 घनइंचाचं इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. तिथून पुढची आठ-दहा वर्षं अमेरिकेतल्या कंपन्यांमध्ये मोठ्या इंजिनांची चढाओढ लागली. शेव्हेल, कॅमॅरो, मस्टँग, चार्जर, रोड रनर या सगळ्या त्याच काळातल्या. माझ्या गाडीचं इंजिन 383 घनइंचाचं, म्हणजे जवळजवळ 6.3 लिटरचं आहे. कंपनीनं दिलेला टॉर्क 425 पाउंड-फूट, म्हणजे 576 न्यूटन-मीटर. एवढी पिळवटणारी ताकद क्लचला घट्ट धरून ठेवायची असते. पेडल जड होतं ते इथून.

धरण्याची ताकद कुठून येते

एक वही दोन तळहातांमध्ये उभी धरा आणि घरातल्या कुणाला तरी ती चक्रासारखी फिरवायला सांगा. फिरू द्यायची नसेल तर तुम्ही काय कराल? तळहात जोरानं दाबाल. हात ओले असतील तर पुसून कोरडे कराल. बोटं पसरून वही मधोमध धरण्याऐवजी कडेपर्यंत धराल. क्लचमध्येही नेमकं हेच घडतं. एक तळहात म्हणजे इंजिनला जोडलेलं फ्लायव्हील, दुसरा म्हणजे प्रेशर प्लेट आणि मधली वही म्हणजे क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर असतो आणि तिच्यातून निघालेला शाफ्ट गिअरबॉक्समध्ये जातो. पेडलवरून पाय काढलेला असतो तेव्हा प्रेशर प्लेटमधल्या स्प्रिंगा मधल्या प्लेटला कायम चिमटून धरतात. पेडल दाबलं की चिमटा सुटतो. म्हणजे पायानं आपण क्लच लावत नाही, स्प्रिंगांशी झगडून तो सोडवतो. पायाला लागतो तो सगळा जोर या स्प्रिंगांचा आहे.

आता हिशेब करू. क्लच किती टॉर्क धरू शकतो हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: चिमट्याचा दाब, लायनिंगचं घर्षण, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. 11 इंची प्लेट घ्या. बाहेरचा व्यास 280 मिलिमीटर, आतला 165 धरला, तर सरासरी त्रिज्या 111 मिलिमीटर येते. साध्या ऑरगॅनिक लायनिंगचं घर्षण 0.3 धरू. पृष्ठभाग दोन, एक फ्लायव्हीलकडचा आणि एक प्रेशर प्लेटकडचा. चिमट्याचा दाब 1,100 किलो असेल तर गुणाकार 719 न्यूटन-मीटर येतो. माझ्या इंजिनाला हवेत 576. म्हणजे सव्वापट. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला एवढं पुरे.

शिवाय 1971 पर्यंत अमेरिकन कंपन्या जे आकडे छापत ते ‘ग्रॉस’ असत. इंजिन स्टँडवर ठेवून, एअर क्लीनर आणि गाडीचा सायलेन्सर नसताना मोजलेले. 1972 पासून ‘नेट’ आकडे आले आणि त्याच इंजिनांचे आकडे कागदावर घसरले. तेव्हा जुन्या पुस्तिकेतल्या टॉर्कवर सव्वापटीचा हिशेब केला तर खरी शिल्लक त्याहून जास्तच असते.

हे इतक्या तपशिलानं सांगण्याचं कारण आहे. माझ्या गाडीत आधीच्या मालकानं ड्रॅग रेससाठीची (सरळ, छोट्या पट्ट्यावरच्या शर्यतीसाठीची) प्रेशर प्लेट बसवली होती. तिचा दाब 1,450 किलोच्या घरात होता. इंजिन मात्र कंपनीतून आलं तसंच होतं. म्हणजे मी वर्षभर 350 किलो जास्तीचा दाब विनाकारण पायानं उचलत होतो. ‘जास्त ताकदीचा क्लच बरा, असावा हाताशी’ या विचारानं बहुतेक लोक इथेच फसतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे तुमच्या इंजिनाचा आजचा खरा टॉर्क किती हे ठरवणं. कॅमशाफ्ट, हेड, कार्बोरेटर बदलले असतील तर ते धरून. पण प्रामाणिकपणे. कधीतरी करू म्हणून ठरवलेल्या बदलांसाठी आजपासून जड पेडल दाबत बसू नका.

पायापर्यंत किती पोहोचतं

1,100 किलोचा दाब पायानं सुटतो तो तरफांमुळे. प्रेशर प्लेटच्या आतल्या बोटांना साधारण पाचास एक असा फायदा असतो. म्हणजे त्या बोटांना ढकलणाऱ्या क्लच बेअरिंगवर 220 किलो लागतात. तिथून बेअरिंग सरकवणारा फोर्क, मग इंजिन आणि चासी यांच्यामध्ये आडवा बसणारा झेड-बार, मग सळी आणि शेवटी पेडल. या सगळ्यांचा मिळून आणखी बारापट फायदा धरला तर पेडलवर 18 किलो उरतात. हे ढोबळ आकडे आहेत, गाडीगणिक बदलतात, पण अंदाज येण्यासाठी पुरेसे आहेत.

मग तरफ आणखी लांब करून 10 किलोवर का आणत नाही? कारण तरफ फुकट काही देत नाही. बेअरिंग 10 मिलिमीटर सरकायला हवं असेल तर बारापट फायद्याला पेडल 120 मिलिमीटर जायला हवं. त्यात 25 मिलिमीटर फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल मिळवा. झाले 145. पेडलला एवढीच जागा असते, त्यापुढे फ्लोअर. जोर कमी केला की प्रवास वाढतो आणि प्रवास संपला की क्लच पूर्ण सुटत नाही. रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज येतो तो यामुळे. पेडल पूर्ण दाबलेलं असताना प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये साधारण 1 ते दीड मिलिमीटर मोकळी जागा मिळायलाच हवी. हलक्या पेडलच्या मागे लागून ही जागा घालवलीत तर गिअरबॉक्सचे सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवून देणारे भाग) खराब होतील, आणि ते क्लचपेक्षा कितीतरी महाग पडतं.

नवीन घेण्याआधी झेड-बारकडे बघा

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर ते मिशिगनला आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना रोड रनरमध्ये बसवलं. त्यांनी इंजिन चालू न करता चार-पाच वेळा क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. डोळे मिटून.

“कुरकुरतोय,” ते म्हणाले.

“आवाज नाही येत, बाबा.”

“कानाला नाही, पायाला. मधेच अडतो, मग सुटतो. खाली काहीतरी कोरडं पडलंय. आधी ग्रीस दे, मग नवीन सामान बघ.”

गाडी जॅकवर घेऊन खाली शिरलो. झेड-बारच्या दोन्ही टोकांची प्लॅस्टिकची बुश झिजून चंद्रकोर झाली होती. फोर्कचा टेकू कोरडा ठणठणीत. सळीच्या टोकाचं भोक अंडाकृती झालेलं. घरातला लहान वजनकाटा पाय आणि पेडलच्या मध्ये धरून मी आधी जोर मोजून ठेवला होता: 31 किलो. नवीन बुश, नवीन सळी आणि सगळ्या सांध्यांना ग्रीस दिल्यावर तोच काटा 26 दाखवू लागला. किरकोळ पैशांत पाच किलो गेले. प्रवासही थोडा परत मिळाला, कारण झिजलेल्या सांध्यांतली खुळखुळ आधी पेडलचा एक-दीड सेंटिमीटर खात होती.

म्हणून ज्यांच्याकडे शेव्हेल, कॅमॅरो किंवा जीटीओ आहे त्यांना मी आधी हेच सांगतो. जनरल मोटर्स 1960 च्या दशकाच्या आधीपासूनच डायफ्राम क्लच (त्याबद्दल पुढे सांगतो) वापरत होती, त्यामुळे तुमच्या गाडीत बहुधा हलका प्रकार आधीपासून असेल. तरीही पेडल जड असेल तर दोष सांध्यांमध्ये, वाकलेल्या फोर्कमध्ये किंवा चुकीच्या बेअरिंगमध्ये शोधा.

पत्र्याच्या झाकणाची करामत

आता मुख्य निवड. त्या काळच्या गाड्यांमध्ये प्रेशर प्लेटचे तीन प्रकार सापडतात. क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये (माझी प्लिमथ त्यांचीच) बोर्ग अँड बेक, फोर्डच्या बऱ्याच गाड्यांमध्ये लाँग आणि जनरल मोटर्सकडे डायफ्राम. पहिल्या दोन प्रकारांत गोल वेटोळ्याच्या अनेक स्प्रिंगा आणि तीन तरफा असतात. फरक इतकाच की बोर्ग अँड बेकच्या तरफा रुंद असतात, लाँगच्या अरुंद आणि टोकाला वजन लावलेल्या.

वेटोळ्याच्या स्प्रिंगेचा स्वभाव सरळ आहे: जितकी दाबाल तितकी ती उलट ढकलते. म्हणजे पेडल जसजसं खाली जातं तसतसं जड होत जातं आणि सिग्नलला पाय सगळ्यात खाली धरून बसायची वेळ येते तेव्हा जोर सगळ्यात जास्त लागतो.

डायफ्रामची गोष्ट वेगळी आहे. जुन्या गोडेतेलाच्या डब्याचं पत्र्याचं फुगीर झाकण आठवा. अंगठ्यानं दाबायला सुरुवात केली की ते अडून बसतं, जोर वाढवावा लागतो आणि एका क्षणी ‘टक्’ करून आत जातं. त्या क्षणानंतर अंगठ्याला जवळजवळ काही लागत नाही. डायफ्राम स्प्रिंग ही अशीच बशीसारखी पोलादी चकती असते, मधून बोटांसारखी कापलेली. फ्रान्समध्ये ज्युलियन बेलव्हिल यांनी 1867 मध्ये अशा बशीसारख्या स्प्रिंगेचं पेटंट घेतलं होतं. तेच तत्त्व इथे कामाला येतं. पेडल दाबताना जोर आधी वाढतो, मध्यावर शिगेला पोहोचतो आणि मग उतरतो. खाली धरून ठेवायला सगळ्यात कमी ताकद लागते. चिमट्याचा दाब तेवढाच, पण ट्रॅफिकमध्ये पायाला पडणारा भार कितीतरी कमी.

आणखी एक फायदा आहे, त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. लायनिंग झिजत जातं तशा वेटोळ्याच्या स्प्रिंगा सैल पडतात आणि दाब कमी होतो. डायफ्राम मात्र झाकणाच्या शिगेच्या जागेकडे सरकतो, त्यामुळे बराच काळ दाब टिकतो, उलट थोडा वाढतोच. पुण्या-मुंबईत ज्यांनी साधी कार सात-आठ वर्षं वापरली आहे त्यांना ‘क्लच हार्ड झाला’ हा अनुभव असेल. त्याचं एक मोठं कारण हेच: आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत डायफ्राम असतो आणि प्लेट झिजत आली की पेडल जड होतं. तेव्हा डायफ्राम बसवलेल्या मसल कारचं पेडल काही वर्षांनी हळूहळू जड व्हायला लागलं तर ती झिजेची पूर्वसूचना समजा.

मग सगळ्यांनी डोळे मिटून डायफ्राम घ्यावा का? रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी माझं उत्तर ‘हो’ आहे, पण एक अट आहे आणि एक इशारा.

इशारा आधी. इंजिन फार वेगात फिरतं तेव्हा डायफ्रामच्या बोटांवर केंद्रापासून दूर फेकणारा जोर येतो. मिनिटाला 6,000 फेऱ्यांच्या पुढे गिअर बदलताना तो जोर स्प्रिंगेवर मात करू शकतो आणि पेडल फ्लोअरलाच राहतं. हे 1960 च्या दशकातल्या वेगवान शेव्हरोले चालवणाऱ्यांना चांगलं माहीत होतं. त्यावर उपाय म्हणून वाकडी बोटं असलेला डायफ्राम निघाला. त्या बोटांचा आकारच असा की वेगात ती पेडल वर ढकलायला मदत करतात. इथे एक सापळा आहे: सपाट बोटांना लांब बेअरिंग लागतं, वाकड्या बोटांना आखूड. दोन्ही बेअरिंगं शेव्हरोलेच्या त्याच फोर्कवर बिनतक्रार बसतात. चुकीचं घातलं तर एक तर क्लच सुटतच नाही, नाही तर पूर्ण लागत नाही आणि काही दिवसांत जळतो. जुनं काढलेलं बेअरिंग फेकून देऊ नका, नव्याशेजारी ठेवून उंची मोजा.

आणि आता अट. ती मला वुडवर्डवरच कळली.

वर न येणारं पेडल

मी डायफ्राम प्लेट बसवली. घरासमोरच्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या. लोण्यात सुरी फिरावी तसं पेडल. दुसऱ्या दिवशी वुडवर्डला गेलो. एका सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून थांबलो होतो. हिरवा दिवा लागला, पाय उचलला आणि पेडल तिथेच, फ्लोअरला. बुटाचं टोक खाली घालून ते उचलावं लागलं. मागून हॉर्न. गाडी धक्का खाऊन पुढे गेली आणि समोरच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबली. त्या दिवशी काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं.

कारण डॅशबोर्डखाली होतं. क्रायस्लरच्या या गाड्यांमध्ये पेडलला वरच्या बाजूला एक जाडजूड मदतनीस स्प्रिंग असते. तिला ‘ओव्हर-सेंटर’ म्हणतात, म्हणजे मध्यरेषा ओलांडणारी. पेडल वर असताना ती त्याला वर धरते. पेडल थोडं खाली गेलं की तिची ओढण्याची दिशा उलटते आणि ती तुमच्या पायाला खाली दाबायला मदत करते. मूळ बोर्ग अँड बेक प्लेटच्या स्प्रिंगा तळाशी सगळ्यात जोरात उलट ढकलत असल्यानं तिथे ही मदत हवीच होती. डायफ्राम तळाशी सगळ्यात कमी ढकलतो. म्हणजे एक ढकलणारा दुबळा झाला आणि ओढणारी तेवढीच बळकट राहिली. ओढणारी जिंकली.

उपाय दहा मिनिटांचा आहे: ती स्प्रिंग काढा आणि तिच्या जागी पेडल वर आणणारी साधी, हलकी रिटर्न स्प्रिंग लावा. काढताना डोळ्यांना चष्मा हवाच, कारण ती ताणलेली असते आणि सुटली तर तोंडावर येते. जुन्या मस्टँगमध्येही पेडलला मदतनीस स्प्रिंग असते आणि डायफ्राम घालताना तिच्याकडेही तसंच लक्ष द्यावं लागतं. पेडल आणखी हलकं होईल म्हणून ती ठेवून द्यावी, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

स्प्रिंग काढल्यावर मी पुन्हा काटा लावला. मध्यावर, जिथे सगळ्यात जास्त लागतं तिथे 18 किलो आणि तळाशी 13. सुरुवातीला तळाशी 31 होते.

इंजिन खरंच तगडं असेल तर

1970 च्या शेव्हेलमधलं 454 घनइंचाचं एलएस6 इंजिन कंपनीच्या आकड्यांनुसार 500 पाउंड-फूट टॉर्क देत असे. त्यात आज कुणी बदल करून 550-600 वर नेलं तर एका प्लेटच्या डायफ्रामला दाब खूप वाढवावा लागतो आणि हलकेपणा निघून जातो. अशा वेळी वहीच्या उदाहरणात आणखी एक युक्ती जोडावी लागते: हात वाढवा. दोन प्लेटच्या क्लचमध्ये दोन क्लच प्लेट आणि त्यांच्यामध्ये एक तरंगती पोलादी चकती असते. पृष्ठभाग दोनाचे चार होतात. साडेदहा इंची प्लेट धरून 108 मिलिमीटर सरासरी त्रिज्या घेतली, घर्षण तेच 0.3, तर फक्त 600 किलो दाबात 760 च्या वर न्यूटन-मीटर मिळतात. माझ्या एका प्लेटला 1,100 किलो लागले होते, ते लक्षात घ्या. मॅक्लाउड, सेंटरफोर्स, रॅम अशा कंपन्या या जुन्या गाड्यांसाठी क्लच बनवतात आणि दोन प्लेटचे संच आता सहज मिळतात. किंमत एका प्लेटच्या संचाच्या दुप्पट-तिप्पट पडते. फिरणारं वजन वाढतं. काही संचांमध्ये न्यूट्रलला थोडा खडखडाट ऐकू येतो. पण 600 पाउंड-फूटच्या इंजिनाला बोटभर जोरात सुटणारा क्लच हवा असेल तर दुसरा सरळ रस्ता मला दिसत नाही.

वेगात फिरताना वजनांच्या मदतीनं दाब वाढवणारा एक मधला मार्गही आहे. बोर्ग अँड बेकच्या काही प्लेटमध्ये रोलर असत ते याचसाठी. आता डायफ्रामच्या बोटांवर वजनं बसवूनही ते साधतात. सिग्नलला हलका, वेगात घट्ट. रस्त्यावर आणि वर्षातून दोनदा ड्रॅग स्ट्रिपवर नेणाऱ्यांना चालेल.

लायनिंग बदलून घर्षण वाढवायचा मोहही होतो. सिरॅमिकच्या चौकोनी तुकड्यांची प्लेट जास्त पकडते, त्यामुळे दाब कमी चालतो. कागदावर छान. प्रत्यक्षात गाडी उचलताना ती थरथरते, हाफ क्लचवर चढ चढायचा म्हटलं की घाम फोडते. रस्त्यासाठी ऑरगॅनिक घ्या.

हायड्रॉलिकबद्दल

‘हायड्रॉलिक करून टाका, पेडल हलकं होईल’ हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. तेलाची नळी म्हणजे वाकवता येणारी तरफ. तिच्यामुळे कोरड्या सांध्यांचं घर्षण जातं, आणि इंजिनाला मोठे हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) लावल्यामुळे झेड-बारला जागा उरली नसेल किंवा पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवला असेल तर तिच्याइतकी सोय नाही. पण तरफेचा नियम इथेही सुटत नाही. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं तेल ढकलणारा सिलिंडर) 7/8 इंचाऐवजी 3/4 इंचाचा घेतला तर जोर साधारण पावभागानं कमी होतो आणि पेडलचा प्रवास 36 टक्क्यांनी वाढतो. जड प्लेट तशीच ठेवून केवळ हायड्रॉलिक बसवणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच.

बसवणारच असाल तर दोन गोष्टी. मास्टर सिलिंडर डॅशबोर्डमागच्या पत्र्यावर बसतो. तो पत्रा पायाच्या जोरानं वाकत असेल तर अर्धा प्रवास तिथेच संपतो, म्हणून मागून जाड पट्टी द्या. आणि पेडलखाली स्टॉपर लावा. डायफ्रामला हवं त्यापेक्षा जास्त दाबलं तर बोटं वाकतात आणि तेलाच्या ताकदीत पायाला ते कळतही नाही.

मागवताना आणि बसवताना

संच मागवण्याआधी फ्लायव्हीलचे दात मोजा. शेव्हरोलेत 153 दातांचं लहान आणि 168 दातांचं मोठं फ्लायव्हील असतं, क्रायस्लरमध्ये 130 आणि 143. लहान फ्लायव्हीलवर सहसा 11 इंची प्लेट बसत नाही. आणि साडेदहावरून 11 इंचावर गेल्यानं सरासरी त्रिज्या जेमतेम तीन टक्के वाढते, त्यासाठी फ्लायव्हील आणि बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) दोन्ही बदलणं मला पटत नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचाही मोजा: क्रायस्लरच्या चार गिअरच्या साध्या गिअरबॉक्सला 23, हेमी इंजिनाबरोबर आलेल्याला 18. फ्लायव्हील मशीनवर घासून घ्या. क्रँकच्या टोकातलं पायलट बुश नवीन घाला, ते अडकलं तर पेडल कितीही दाबा, प्लेट फिरतच राहते. बेलहाउसिंगचं छिद्र क्रँकच्या मध्याशी डायल गेज लावून तपासा. पाच हजारांश इंचापेक्षा जास्त फरक नको. आणि गाडी ड्रॅग स्ट्रिपवर नेणार असाल तर जुनं ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील वापरू नका. वेगात ते फुटलं तर तुकडे फ्लोअर फाडून पायापर्यंत येतात. पोलादी फ्लायव्हील आणि पोलादी बेलहाउसिंग घ्या, दोन्हींवर एसएफआय या सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र बघून.

बसवून झालं की पहिले 800 किलोमीटर गावातल्या गावात, गिअर बदलत, सावकाश चालवा. या काळात लायनिंग फ्लायव्हीलवर नीट बसतं. त्यानंतर एकदा गाडीखाली जाऊन फ्री प्ले पुन्हा मोजा, तो 25 मिलिमीटरवरून कमी झालेला असेल. माझा 15 वर आला होता. सळीवरचं नट दीड आटा फिरवलं, पेडल हातानं दाबून पाहिलं, आणि लॉकनट आवळलं.